शेवटचं पान पकडणारे वामनकाका

बारशाला आत्या लागते, लग्नाला मामा लागतो आणि आमच्या ढाणकीत ऑनलाइन फॉर्म भरायचा असला की वामनकाका लागतात. फॉर्म भरायला नव्हे. फॉर्म कोणीही भरावा, कुठेही भरावा. वामनकाका येतात ते फक्त शेवटच्या पानासाठी. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे' अशी हिरवी ओळ पडद्यावर आली की सगळ्यांनी माउस सोडून मागे सरकायचं. मग काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार, कीबोर्डवरचं एक बटन दाबणार आणि म्हणणार, "हां. पकडलं."

म्हणजे स्क्रीनशॉट काढला. पण काका 'काढला' म्हणत नाहीत, 'पकडला' म्हणतात. मी एकदा त्यांची चूक दुरुस्त करायला गेलो. मास्तर आहे मी, खोड जात नाही. तर मलाच म्हणाले, "सर, काढते तो फोटो. हे पकडणं हाये. आता हाये अन् घडीभरानं नाही, अशा गोष्टीले पकडाच लागते."

मी ढाणकीत प्राथमिक शाळेवर होतो आणि पाच वर्षं काकांकडे भाड्याने राहत होतो. माझी बायको रेखा शिक्षिकाच, पण तिची शाळा पांढरकवड्याजवळच्या एका गावात. चार वर्षांची आमची चिमी तिच्याकडे. दर शनिवारी शाळा सुटली की मी दोन बस बदलून तिकडे जायचो आणि सोमवारी पहाटे निघून परत. चिमी मला बाबा म्हणायची खरी, पण कोणी विचारलं की बाबा कुठे राहतात, तर सांगायची, "एस्टीत."

काकांच्या निर्मलाकाकूही घरी नव्हत्या. पुण्याला मुलाकडे नातू झाला तेव्हा सव्वा महिन्यासाठी म्हणून गेल्या, आणि तो नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो. एकूण काय, त्या घरात दोन नवरे राहत होते आणि दोघांच्याही बायका परगावी. स्वयंपाक आळीपाळीने चालायचा. काकांचं वरण बरं असायचं. पोळीबद्दल मी काही बोलत नाही, कारण माझीही तशीच व्हायची.

काका एका हायस्कुलात तीस वर्षं बाबू होते. कागद हरवणं हे त्यांच्या लेखी पाप. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना शाळेत सगळी माहिती ऑनलाइन भरायचं आलं. काकांनी आठवडाभर बसून साऱ्या पोरांची नावं, जन्मतारखा, आयांची नावं भरली आणि बटन दाबून घरी गेले. सकाळी पाहतात तर सगळे खाने कोरे. हेडमास्तर सहज बोलून गेले, "बाबू, तुम्ही भरलंच नसेल." तीस वर्षांत काकांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ती माहिती दुसऱ्यांदा भरली, पण त्याआधी कॉम्प्युटर लॅबमधल्या एका पोरीकडून ते बटन शिकून घेतलं. काका म्हणतात, "तिले म्या सांगतलं, बाई, तू मले अंधारात बॅटरी देल्ली."

तेव्हापासून काका ज्या घरात, ज्या ऑफिसात जातील तिथे आधी मशीन पाहतात. जुना डेस्कटॉप असला तर प्रिंट स्क्रीनचं बटन दाबून पेंटमध्ये चिकटवायचं. लॅपटॉप असला तर तेच बटन एफएनसोबत दाबावं लागतं का ते तपासायचं. "काही लॅपटॉपात त्याले सोबत लागते, एकटं काही करत नाही," हे त्यांचं निरीक्षण. विंडोजच्या खिडकीचं चित्र असलेल्या बटनासोबत दाबलं की चित्र आपोआप फोल्डरात जाऊन पडतं, ही सोय त्यांना फारशी पसंत नाही. चिकटवताना एकदा डोळ्यांखालून जातं ते बरं, म्हणतात. शाळेतल्या लिनक्सच्या मशीनला ते 'गरीब पण इमानदार' म्हणतात. फोनवर आवाज कमी करायचं आणि चालू-बंदचं बटन एकदम दाबायचं असतं. त्यात त्यांची बोटं नेहमी मागेपुढे होतात आणि फोन बंद करायचा का, असं फोनच विचारतो. त्यावर काका त्याला समजावून सांगतात, "नाही रे बाप्पा, तुले कोण बंद करून राह्यलं?"

मोबाइलने पडद्याचा फोटो घेणाऱ्यांचा मात्र त्यांना मनापासून राग. "त्यात अर्ज कमी अन् स्वतःचं थोबाड जास्त दिसते. ट्यूबलाइट येते ती निराळीच."

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पूर्ण पडदा पकडायचा. कापाकापी नाही, फक्त एक चौकट नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि तारीख आलीच पाहिजे. "घड्याळ नसलं तर ते चित्र झालं. घड्याळ असलं तर पुरावा." सुनेच्या कंपनीचा लॅपटॉप मॅक निघाला तेव्हा पुण्यात मोठा प्रसंग उद्भवला. काकांनी सुनेला विचारून कमांड, शिफ्ट आणि तीन असं एकदम दाबलं, कॅमेऱ्यासारखा खट्ट आवाज झाला, काका खूश. मग खाली पाहतात तर घड्याळ नाही. सून म्हणाली, बाबा, ह्यात ते वर असतं. काकांना दोन दिवस ते पटेना. परत आल्यावर मला म्हणाले, "मशीन महाग हाये, आवाजही चांगला देते. पण घड्याळ डोक्यावर बांधलं हाये त्याच्या."

पकडलेलं पान काका छापतात, पंच करतात, त्यावर उमरखेडहून करून आणलेला शिक्का मारतात आणि बॉक्स फाइलीत लावतात. शिक्क्यावर दोनच शब्द आहेत, 'समक्ष पाहिले'. खाली सही. या शिक्क्याला कायद्यात काय किंमत आहे ते मला माहीत नाही, पण पार फुलसावंगी गावची माणसंसुद्धा तो मारून घ्यायला आलेली मी पाहिली आहेत. एक प्रत अर्जदाराला, एक काकांच्या फाइलीत. पैसे घेत नाहीत. चहा घेतात.

आता माझं प्रकरण. बदल्यांचे अर्ज निघाले. पती-पत्नी एकत्रीकरणाचा एक प्रकार असतो, म्हणजे नवराबायको दूर असतील तर जवळ आणायचं. मी पहिल्या दिवशी उतावीळपणे फॉर्म भरला आणि प्रकाराच्या खान्यात 'सर्वसाधारण' राहून गेलं. ते तसंच सेव्ह झालं. दोन दिवसांनी चूक लक्षात आली, मी दुरुस्त केलं आणि काकांच्या मशीनवरून अर्ज सादर केला. हिरवी ओळ आली. मी हात मागे घेतले. काका पुढे सरकले, बटनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

"दाबा ना काका," मी म्हटलं.

"घाई करू नका सर. घाईनंच पहिलं चुकलं तुमचं."

मग दाबलं, छापलं, शिक्का मारला.

महिन्याभराने यादी लागली. त्यात माझं नाव सर्वसाधारण प्रकारात होतं, पार तळाशी. माझा पहिला, चुकलेला अर्जच कुठेतरी धरला गेला होता. मी रेखाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "चिमीला सांगू नका अजून. ती बाहुलीला सांगून राहिली की बाबा येणार." मला त्या दिवशी शाळेत पाढे घेता आले नाहीत. पोरं आपापली म्हणत होती आणि मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.

काकांना हे कळलं तेव्हा ते पोळी लाटत होते. लाटणं खाली ठेवून म्हणाले, "हरकत घेता येते ना? मग उठा. यवतमाळले मी येतो."

"तुम्ही कशाला काका, एवढ्या उन्हात?"

"कायले म्हणजे? समक्ष कोण पाह्यलं, तुमी का मी?"

तर आम्ही यवतमाळला गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बॉक्स फाइल मांडीवर घेऊन बसमध्ये ताठ बसले होते. ऑफिसात सुनावणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, समोर लॅपटॉप. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं, पडद्यावर माझा रेकॉर्ड उघडला आणि नोंद ठेवायला म्हणून मोबाइल उचलून पडद्याचा फोटो घेतला.

मी डोळे मिटले. काकांचा आवाज आलाच.

"मॅडम, असं नका करू."

"काय?"

"त्यात तुमची ट्यूबलाइट आली. एफएनचं बटन हाये ना कोपऱ्यात? ते धरा अन् वरचं प्रिंटस्क्रीन दाबा. आता पेंट उघडा. चिकटवा. पाहा, घड्याळासकट आलं."

माझी नोकरी जाते की काय असं मला वाटलं. बाई चक्क म्हणाल्या, "अरे वा. इतकी वर्षं मला कोणी सांगितलंच नाही." काकांनी त्या अनुकूल क्षणी आमचं पान पुढे केलं.

बाईंनी ते नीट वाचलं. अर्ज क्रमांक, नाव, प्रकार 'पती-पत्नी', खाली तारीख, वेळ चार वाजून सात मिनिटं. मग त्या थांबल्या. कागद जवळ घेतला. घड्याळाच्या बरोबर वर, कोपऱ्यात, एक छोटी चौकट छापली गेली होती. नवा मेसेज आला की पडद्यावर सरकत येते तशी. काकांना फोनची अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांचं व्हॉट्सॲप संगणकावर कायम उघडं असतं. बाईंनी ती चौकट मोठ्याने वाचली.

"'सौ. : कारल्याची भाजी फेकून देऊ नका. गोळी घेतली का?' हे कोण, अर्जदारांच्या पत्नी?"

"नाही," काका म्हणाले. "आमच्या."

"म्हणजे अर्जदार हे, पत्नी तुमची, आणि प्रकरण पती-पत्नीचं."

ऑफिसातले दोन कारकून हसले, शिपाई हसला, मीही हसलो. काकांचे कान लाल झाले होते. ते फाइलीचा पट्टा उगाच घट्ट करत बसले. बाईंनी हसतच कागदावर सही केली आणि हरकत मान्य केली. जाताना मला म्हणाल्या, "तुमचे साक्षीदार सांभाळा."

परतीच्या बसमध्ये मी हवेत होतो. रेखाला फोन करून झाला, चिमीचं बाहुलीला सांगून झालं. मग काकांना चिडवायला म्हणून विचारलं, "काय काका, गोळी घेतली होती का त्या दिवशी?"

"घेतली."

"मग काकूंना कळवलं का?"

"अंगठा देल्ला ना," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी माझं पान फाइलीत परत लावायला बसलो. काका वाण्याकडे गेले होते. सहज मागची पानं चाळली आणि चाळतच राहिलो. कोणाच्या नळजोडणीचा अर्ज, कोणाच्या पोरीचा नर्सिंगचा प्रवेश, कोणाचा रहिवासी दाखला. आणि काकांच्या मशीनवर पकडलेल्या जवळजवळ प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात 'सौ.'. नळजोडणीवर नातवाची खबर होती, 'मुन्नाला दोन दात आले'. नर्सिंगच्या प्रवेशावर, 'पुढच्या महिन्यात येते'. त्यानंतर कितीतरी पानांनी एका जातीच्या दाखल्यावर, 'दिवाळी झाली की नक्की येते'. कोणाच्या तरी सोयाबीनच्या नोंदणीवर, 'तिकडे पाऊस आहे का, दोरीवरचे कपडे काढा'. आणि अलीकडच्या एका पानावर, 'तुम्ही काहीच म्हणत नाही'. त्याच्या शेजारी शिक्का, 'समक्ष पाहिले'. खाली काकांची वळणदार सही.

मी वेळा पाहिल्या. चार वाजून पाच, चार वाजून नऊ, चार वाजून तीन. आमच्या गावात सगळे एकमेकांना सांगतात की ढाणकीत नेट दुपारी चारलाच चांगलं चालतं. मी स्वतः शाळेतल्या दोघांना हे सांगितलं आहे. हे मुळात कोणी सांगितलं, असा विचार कोणीही केला नव्हता. सांगणार कोण, वामनकाकाच. मुन्ना लहान होता तेव्हा तो दुपारचा झोपला की, आणि आता शाळेतून आला, त्याला खायला दिलं की काकूंना जरा उसंत मिळत असणार, आणि मग त्या नवऱ्याला मेसेज करत असणार. आणि इकडे एवढं गाव हात मागे घेऊन उभं राहायचं आणि काका बटनावर बोट ठेवून वाट पाहायचे.

काका पिशवी घेऊन आले तेव्हा फाइल माझ्या मांडीवर उघडीच होती. मी लपवली नाही.

"काका, नेट चारला चांगलं असते ना?"

काकांनी पिशवी खाली ठेवली, बसले. साखरेच्या पुडीचा दोरा सोडवायला लागले.

"काय करू सर," ते म्हणाले. "बायकोचा मेसेज कोण छापून ठेवते? लोक हासतील. म्हणून मंग लोकायच्याच कागदात ठेवला. कागद जपाले मले कारण लागते, सवय हाये तीस वर्साची."

"पण त्या म्हणतात तुम्ही काही बोलत नाही. एकदा 'ये' म्हणा ना."

"ती तिकडं लेकरात रमली. म्या ये म्हटलं अन् नाही आली तं? आता निदान पुढच्या महिन्यात येते, असं तरी हाये."

मला वाईट वाटलं. मी उठून चहा ठेवला. काका स्वतःच म्हणाले, "तुमचं झालं ते बरं झालं. पोरगी मोठी होते, मंग बाप लागत नाही." मी ज्या अर्जासाठी त्यांना यवतमाळला नेलं होतं त्या अर्जाने त्यांच्या घरातला एकुलता एक माणूस जाणार होता. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मला आत्ता कळत होतं.

आदेश आला. पांढरकवडा तालुका, रेखाच्या शाळेपासून सायकलने जाण्याइतकं जवळचं गाव. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी सामान बांधायला घेतलं. काका दोरी कापून देत होते. मध्येच मी दोरी ठेवली आणि त्यांना हाताला धरून संगणकासमोर बसवलं.

"काका, तुमचंही प्रकरण पती-पत्नी एकत्रीकरणातच येते. अर्ज करा."

"कोणाले?"

"सक्षम अधिकाऱ्याला. पुण्याला."

काका हसले. मग हसायचे थांबले. मी उठू देईना. शेवटी एका बोटाने त्यांनी टाइप करायला सुरुवात केली. मला वाटलं 'ये' लिहितील. पण बाबू तो बाबूच.

'विषय : घरी परत येण्याबाबत. संदर्भ : आपले वेळोवेळी प्राप्त झालेले संदेश. वरील विषयान्वये कळविण्यात येते की, आपले सर्व संदेश मजजवळ सुरक्षित आहेत. उत्तर देण्यास विलंब झाला. सरांची बदली झाली असून ते आज जात आहेत. मला करमत नाही. तरी शक्य तितक्या लवकर यावे, ही विनंती.'

इथे बोट थांबलं. "खाली 'आपला विश्वासू' लिहू का नुसतं वामन?"

"विश्वासू असू द्या," मी म्हटलं. "खरंच आहे ते."

पाठवलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्या वेळी काकू स्वयंपाकात असणार, उत्तर यायचं नाही, असं काकांनी मला दोनदा समजावून सांगितलं आणि तरी खुर्चीवरून हलले नाहीत. खुणा निळ्या झाल्या. मग काहीच झालं नाही. मी परत भांड्यांच्या पेटीकडे जाणार तेवढ्यात कोपऱ्यात चौकट सरकत आली.

'चार वर्षं काहून नाही सांगितलं?'

आणि काका श्वास घेतात न घेतात तोच दुसरी.

'शनिवारच्या रात्रीच्या गाडीत बसते. रविवारी उमरखेडले उतरते. घ्यायले या.'

माझा हात आपोआप त्या बटनाकडे गेला. काकांनी मनगट धरलं. "थांबा सर, वाचू द्या आधी." मग त्यांनी ते वाचलं, ओठ हलवत, पहिलीच्या पोराने धडा वाचावा तसं. चौकट निघून गेली तर चॅट उघडून पुन्हा वाचलं. चष्मा काढून बनियनच्या टोकाने पुसला, डोळे पुसले, परत चष्मा पुसला.

मी म्हटलं, "काका, मी उरलेलं बांधून घेतो, ट्रक येईल."

"हो," ते म्हणाले. आणि मी दोरी उचलून दारापर्यंत गेल्यावर मागून हाक आली. आवाज असा की मी त्यांच्या तोंडून तसा कधी ऐकला नव्हता, शाळेत उशिरा आलेल्या पोराचा असतो तसा.

"सर, जायच्या आधी एक काम करा बापा. रविवारी स्टँडवर मी कोणता शर्ट घालू, ते पाहून द्या."

मी दोरी खाली ठेवली आणि आम्ही दोघं कपाटापाशी गेलो.